वंशावळ कागदावर मावत नाही? मुलींची नावं गाळू नका, तक्ता बदला

भाऊकीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एक पीडीएफ येते. फाइलचं नाव ‘वंशावळ फायनल’. तासाभरात ‘वंशावळ फायनल २’ येते आणि रात्री ‘वंशावळ फायनल नवीन’. उघडून बघावी तर नावं मुंगीएवढी. झूम करावं तर आजोबांची रेष थेट चुलत आजोबांच्या चौकटीत घुसलेली. मग कुणीतरी विचारतं, ‘आमच्या आत्याचं नाव कुठाय?’ उत्तर येतं, ‘जागा नव्हती.’

हे ‘जागा नव्हती’ पुढे चांगलंच महागात पडू शकतं. कारण वंशावळ आता फक्त दिवाणखान्यात लावायची फ्रेम राहिलेली नाही. ती तलाठ्यासमोर जाते, तहसीलमध्ये जाते, जात पडताळणी समितीसमोर जाते. आणि तिथे चुकलेली एक रेष म्हणजे चुकलेलं नातं.

मग मोठ्या वंशावळीचा तक्ता बिघडतो का? आणि एकही नाव न गाळता तो नीट कसा करायचा? समजून घेऊया.

वंशावळीची एवढी गरज का पडते?

पहिलं कारण जातीचा दाखला. मराठा-कुणबी नोंदी शोधण्यासाठी २०२३ साली निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली गेली. त्यानंतर राज्यभर जुनी दप्तरं उघडली गेली, मोडी वाचणाऱ्यांना मागणी आली. पण पणजोबांच्या नावापुढे ‘कुणबी’ लिहिलेलं सापडलं म्हणजे काम झालं असं होत नाही. ते पणजोबा आपलेच आहेत, हे दाखवावं लागतं. नोंद आणि अर्जदार यांच्यामधला पूल म्हणजे वंशावळ. ओबीसींच्या बाबतीत १३ ऑक्टोबर १९६७ ही तारीख महत्त्वाची. त्याआधीचे पुरावे शोधायचे म्हटलं की माणूस आपोआप तीन-चार पिढ्या मागे जातो.

दुसरं कारण जमीन. कोल्हापूर शहराला लागून असलेलं करवीर तालुक्यातलं गडमुडशिंगी घ्या. गोकुळचा पशुखाद्य कारखाना इथेच आहे आणि शेजारी कोल्हापूरचा विमानतळ. या विमानतळाच्या विस्तारासाठी गडमुडशिंगीतली सुमारे ६४ एकर जमीन घेण्याचा विषय काही वर्षं बातम्यांमध्ये राहिला. शहराच्या कडेला असलेल्या अशा गावांत जमिनीचा भाव वाढला, संपादन आलं किंवा साधी वाटणी करायची ठरली, की पहिला प्रश्न एकच: वारस किती आणि कोण कोण? सातबाऱ्यावर अजून पणजोबांचं नाव असेल तर उत्तर वंशावळीतच शोधावं लागतं.

तक्ता बिघडतो कुठे?

बहुतेकांना वाटतं, आपल्याला कॉम्प्युटर नीट येत नाही म्हणून तक्ता बिघडला. खरं कारण गणितात आहे.

समजा, एका मूळ पुरुषापासून सुरुवात केली आणि प्रत्येकाला तीन अपत्यं धरली. दुसऱ्या पिढीत ३ जण, तिसऱ्या पिढीत ९, मग २७, ८१, २४३ आणि सातव्या पिढीत ७२९. एकूण माणसं १,०९३. आता सातवी पिढी एका आडव्या ओळीत मांडायची आणि प्रत्येक चौकट ४ सेंटिमीटर रुंद ठेवायची, तर ओळ होते २९ मीटर लांब! प्लॉटरवर निघणारा ए-झिरो आकाराचा मोठा कागद लांबीला १.१९ मीटर असतो. म्हणजे असे २५ कागद एकापुढे एक चिकटवावे लागतील.

हाच तक्ता ‘फिट टू पेज’ करून आडव्या ए-फोर कागदावर बसवला, तर सगळं जवळपास शंभर पटींनी लहान होतं. १२ पॉइंटचं अक्षर केसाहूनही बारीक होतं. ग्रुपवरच्या पीडीएफमध्ये नावं मुंगीएवढी का दिसतात, त्याचं उत्तर हे आहे.

म्हणजे माणसं वाढतात गुणाकाराने आणि कागद मात्र तेवढाच राहतो. अशा वेळी तक्ता करणारा दोनच गोष्टी करतो. अक्षर बारीक करतो किंवा माणसं कमी करतो. आणि माणसं कमी करायची ठरली की पहिली कात्री बहुतेक वेळा मुलींच्या नावांवर चालते.

हेळव्यांना ही अडचण का आली नाही?

कोल्हापूर, सांगली, बेळगाव पट्ट्यातल्या जुन्या माणसांना हेळवी आठवत असतील. बैल घेऊन गावोगाव फिरायचे, ठरलेल्या घरांसमोर थांबायचे आणि त्या घराण्याच्या पिढ्या घडाघडा वाचून दाखवायचे. मूळ गाव कुठलं, कुलदैवत कोणतं, कुणाला किती मुलं, कोण कुठे जाऊन राहिलं, सगळं त्यांच्या चोपडीत. नवं बाळ जन्मलं असेल तर त्याची भर घालायची, धान्य किंवा पैसे घ्यायचे आणि पुढच्या गावाला जायचं. नाशिक-त्र्यंबकेश्वरच्या तीर्थपुरोहितांच्या नामावळीही अशाच पिढ्यान्‌पिढ्या चालत आल्या आहेत.

या चोपड्यांमध्ये एका घराण्याची शेकडो नावं मावतात. कारण त्या मुळात तक्ते नाहीत, याद्या आहेत. एका ओळीखाली दुसरी ओळ. नाव वाढलं तर पान वाढतं, अक्षर लहान होत नाही.

वरचं उदाहरण यादीच्या हिशोबाने बघा. १,०९३ माणसं, पानाला ४० ओळी, म्हणजे फक्त २८ पानांची वही. एकही नाव न गाळता.

इथेच सगळ्या प्रश्नाची किल्ली आहे. वंशावळ म्हणजे यादी. तक्ता हे त्या यादीचं एक चित्र. आपण उलटं करतो. थेट चित्र काढायला बसतो आणि चित्रात जे मावत नाही ते नोंदीतूनच जातं.

यादी करायची कशी?

सगळ्यात सोपी पद्धत क्रमांकाची. वंशावळ अभ्यासणारे जगभर ती वापरतात. मूळ पुरुषाला क्रमांक १. त्याची अपत्यं १.१, १.२, १.३. समजा अण्णा १.१, आक्का १.२ आणि तात्या १.३. तात्यांचं दुसरं अपत्य १.३.२. त्याचं पहिलं अपत्य १.३.२.१.

याचे फायदे बघा:

- क्रमांकात जितके आकडे, तितवी पिढी. १.३.२.१ म्हणजे चौथी पिढी.
- शेवटचा आकडा झाकला की आई किंवा वडिलांचा क्रमांक मिळतो. रेष काढायची गरजच नाही.
- दोघांचं नातं कळतं. १.३.२.१ आणि १.३.४.२ यांच्यात १.३ सारखं आहे, म्हणजे दोघांचे आजोबा तात्या.

एक्सेलमध्ये किंवा गुगल शीटमध्ये प्रत्येक माणसाला एक ओळ द्या. रकाने असे: क्रमांक, पूर्ण नाव, वडील, आई, जोडीदार, जन्म आणि मृत्यूचं वर्ष, गाव, पुरावा. पुराव्याच्या रकान्यात ‘शाळा सोडल्याचा दाखला’, ‘फेरफार’, ‘आजीने सांगितलं’ असं जे असेल ते खरं लिहा. उद्या कुणी विचारलं तर कागद शोधत बसावं लागणार नाही.

एक सावधगिरी मात्र आधीच घ्या. क्रमांकाचा रकाना सुरुवातीलाच ‘टेक्स्ट’ म्हणून सेट करा. नाहीतर एक्सेल १.१० हा दशांश समजून त्याचा १.१ करतं आणि दहावं अपत्य पहिलं होऊन बसतं! काही क्रमांकांची तर थेट तारीख होते. शिवाय ०१, ०२ असे दोन अंकी आकडे वापरले की यादी क्रमाने लावतानाही गोंधळ होत नाही.

क्रमांकाचा आणखी एक मोठा उपयोग आहे. आपल्याकडे आजोबांचं नाव नातवाला ठेवतात. त्यामुळे एक पिढी सोडून तेच नाव पुन्हा येतं आणि चुलत घरांतही तेच नाव असतं. चार सख्ख्या-चुलत भावांनी आजोबांचं नाव आपापल्या मुलाला ठेवलं, तर एकाच आडनावाचे एकाच नावाचे चार जण तयार होतात. बरेचदा वंशावळीत रेष चुकते ती इथेच. क्रमांक आणि जन्मवर्ष असेल तर हे चौघे वेगळे राहतात.

आता तक्ता: जागा कशी वाचवायची?

यादी तयार झाली की मग चित्र. इथे चार गोष्टी लक्षात ठेवल्या तरी अर्धं काम होतं.

१. वरून खाली नको, डावीकडून उजवीकडे. मराठी नाव आडवं लिहिलं जातं. ते लांब असतं, पण उंचीला कमी. म्हणून चौकटी शेजारी-शेजारी ठेवल्या की तक्ता फुगतो आणि एकाखाली एक ठेवल्या की आटोक्यात राहतो. मूळ पुरुष डाव्या बाजूला, प्रत्येक पिढीला एक उभा रकाना. मघाची ७२९ नावांची पिढी ४ सेंटिमीटर रुंद चौकटींऐवजी ६ मिलिमीटर उंचीच्या ओळींत लावली, तर २९ मीटरची लांबी साडेचार मीटरच्या आत येते.

२. आडनाव एकदाच. घराण्याचं नाव शीर्षकात आलं की प्रत्येक चौकटीत ते पुन्हा लिहायची गरज नाही. वडिलांचं नावही रेषेवरून कळतंच. चौकटीत स्वतःचं नाव, क्रमांक आणि जन्मवर्ष एवढं पुरे. बाकी सगळं यादीत.

३. रांग पिढीची, वयाची नाही. मोठ्या कुटुंबात धाकटा काका थोरल्या पुतण्यापेक्षा लहान असतो. वयाकडे बघून काकाला पुतण्याच्या रांगेत बसवलं की सगळ्या शाखेचं नातं एका पायरीने सरकतं. झाडाच्या आकाराचे तक्ते आखणाऱ्या कॉम्प्युटर प्रोग्रॅममध्येही हा नियम पाळला जातो. १९८१ साली रेनगोल्ड आणि टिलफर्ड या दोघांनी मांडलेली पद्धत त्यासाठी प्रसिद्ध आहे. एका पिढीचे सगळे एका रांगेत, पालक अपत्यांच्या मधोमध आणि शाखा एकमेकींवर न चढता जितक्या जवळ आणता येतील तितक्या जवळ.

४. एकच मोठा तक्ता नको. पहिल्या तीन-चार पिढ्यांचा एक मूळ तक्ता करा. नंतर प्रत्येक शाखेचा वेगळा. मूळ तक्त्यात त्या नावापुढे ‘पुढे तक्ता ३ पाहा’ असं लिहा. छापील कुलवृत्तांत ज्यांनी चाळले असतील त्यांना ही पद्धत ओळखीची वाटेल. प्रत्येक तक्ता ए-थ्री कागदावर वाचता येईल एवढाच ठेवा आणि नावाचं अक्षर ९ पॉइंटच्या खाली जाऊ देऊ नका.

रेषा एकमेकींना कापतात, त्याचं काय?

दक्षिण महाराष्ट्रात मामाच्या मुलीशी लग्न होणं नवीन नाही. पण तक्त्यासाठी हा मोठा पेच आहे. समजा, आक्काच्या मुलाचं (१.२.१) लग्न अण्णांच्या मुलीशी (१.१.२) झालं. दोघेही याच वंशावळीत आहेत. मग त्यांची मुलं कुणाखाली दाखवायची? दोन्हीकडून रेषा ओढल्या की त्या मधल्या सगळ्यांना कापत जातात.

झाडाच्या फांद्या एकदा फुटल्या की पुन्हा जुळत नाहीत. इथे त्या जुळतात. म्हणजे हा तक्ता आता ‘झाड’ राहत नाही, जाळं होतं. जाळ्यातल्या रेषांची कापाकापी कमीत कमी करणं हे कॉम्प्युटरसाठीही अवघड गणित मानलं जातं. त्यामुळे सॉफ्टवेअरमध्येही असा तक्ता विस्कटलेला दिसतो.

उपाय साधा आहे. रेष ओढूच नका. मुलं एकाच ठिकाणी, वडिलांच्या क्रमांकाखाली दाखवा (१.२.१.१, १.२.१.२). आईच्या चौकटीत फक्त ‘पाहा १.२.१’ एवढं लिहा. माणूस दोन ठिकाणी दिसला तरी चालतो, क्रमांकांच्या नोंदीमुळे गोंधळ होत नाही.

ज्या पुरुषाची दोन लग्नं झाली होती, तिथे दोन्ही बायकांना (अ) आणि (ब) अशी खूण द्या आणि प्रत्येक मुलापुढे आईची खूण लिहा. सगळी मुलं एकाच रेषेला लटकवली की सख्खं-सावत्र कळत नाही आणि वारसांचा प्रश्न आला की तिथेच वाद सुरू होतो.

मुलींची नावं गाळली तर काय बिघडतं?

याचं उत्तर कोल्हापूरच्या छत्रपती घराण्याच्या वंशावळीतच आहे.

राजर्षी शाहू महाराज जन्माने कागलच्या घाटगे घराण्यातले. १८८४ साली ते दत्तक म्हणून कोल्हापूरच्या गादीवर आले. त्यांच्यानंतर पुत्र राजाराम महाराज. पुढे १९४७ साली शहाजी महाराज गादीवर आले, ते देवासच्या पवार घराण्यातून. आता नुसती मुलग्यांची वंशावळ काढली तर हे देवासचं नाव अचानक कुठून आलं ते कळणारच नाही. शहाजी महाराज हे राजर्षी शाहूंच्या कन्या राधाबाई ऊर्फ अक्कासाहेब यांचे पुत्र. म्हणजे शाहूंचे नातू! पुढे १९६२ साली दत्तक आलेले सध्याचे शाहू महाराज हे नागपूरकर भोसले घराण्यातले आणि शहाजी महाराजांच्या कन्येचे पुत्र.

दोन वेळा गादी मुलीच्या मुलाकडे गेली. मुलींच्या चौकटी काढून टाका, रक्ताचं नातं असूनही तक्त्यात ते दिसणार नाही. दत्तक दाखवतानाही हेच सूत्र. जन्माची रेष सलग, दत्तकाची तुटक. एक ठेवून दुसरी खोडायची नाही.

राजघराण्याचं राहू द्या, साध्या घरातही हेच आहे. वडिलोपार्जित मालमत्तेत मुलीला जन्माने हक्क देणारी दुरुस्ती महाराष्ट्राने १९९४ सालीच केली होती. देशभरासाठी ती ९ सप्टेंबर २००५ पासून लागू झाली. वडील २००५ आधी वारले असले तरी मुलीचा हा हक्क राहतो, हे सर्वोच्च न्यायालयाने ११ ऑगस्ट २०२० रोजी विनीता शर्मा खटल्यात स्पष्ट केलं. वारसांची नोंद गाव नमुना ६-क मध्ये होते आणि तिथून फेरफाराकडे जाते. त्या वेळी दिलेल्या वंशावळीत बहिणीचं नाव नसेल, तर ‘जागा नव्हती’ हे कारण कुणी ऐकत नाही. हरकत येते, फेरफार अडकतो, प्रकरण कोर्टात जातं. आणि बहीण-भावाचं बोलणं बंद होतं ते वेगळंच.

म्हणून मुलीला पूर्ण चौकट द्या. माहेरचं नाव, सासरचं नाव, गाव. तिच्या मुलांची शाखा फार मोठी होत असेल तर ‘तक्ता ७ पाहा’ म्हणून वेगळी काढा. शाखा वेगळ्या पानावर गेली म्हणून काही बिघडत नाही.

सॉफ्टवेअर आणि फॉन्टचे घोळ

वर्डमध्ये किंवा एक्सेलमध्ये हाताने चौकटी काढणाऱ्यांची नेहमीची तक्रार असते, ‘एक नाव वाढवलं आणि सगळ्या रेषा हलल्या.’ कारण साधी रेष चौकटीला चिकटत नाही. त्याऐवजी ‘कनेक्टर’ वापरा, म्हणजे चौकट सरकली की रेष मागोमाग येते.

दुसरा घोळ फॉन्टचा. डीटीपीवाल्याकडे जुन्या पद्धतीच्या फॉन्टमध्ये केलेलं काम आपल्या कॉम्प्युटरवर उघडलं की नावांच्या जागी भलतीच चिन्हं दिसतात, जोडाक्षरं तुटतात. नावं सुरुवातीपासून युनिकोडमध्येच टाइप करा आणि दुसऱ्याला पाठवताना पीडीएफ पाठवा.

माणसं दोनशे-तीनशेच्या पुढे गेली तर हाताने तक्ता काढूच नका. ग्राम्प्ससारखं मोफत सॉफ्टवेअर यादी घेऊन तक्ता स्वतः आखतं. माहिती ‘जेडकॉम’ प्रकारच्या फाइलमध्ये साठवली की उद्या दुसरं सॉफ्टवेअर वापरायचं ठरलं तरी पुन्हा टाइप करावं लागत नाही.

भिंतीवरचा तक्ता वेगळा, अर्जाचा वेगळा

शेवटचा मुद्दा, आणि बरेच जण इथेच चुकतात. एकच तक्ता सगळीकडे चालत नाही.

जात पडताळणीसाठी अर्जदारापासून जुन्या नोंदीपर्यंतची वडिलांकडची साखळी ठळक दिसायला हवी. ज्यांचे कागद जोडले आहेत ते नातेवाईक त्यात असायलाच हवेत. इथे हजार नावं टाकली तर मुख्य साखळीच हरवते. वारसनोंदीसाठी मात्र उलट. ज्यांच्या नावावर जमीन आहे त्यांच्यापासून खाली एकही वारस सुटता कामा नये. आणि घरच्या समारंभासाठी फ्लेक्स करायचा असेल तर हवे तेवढे फोटो लावा, पण हयात माणसांच्या पूर्ण जन्मतारखा आणि फोन नंबर त्यावर नकोत. तो फ्लेक्स कुणाच्या स्टेटसवरून कुठे जाईल याचा नेम नसतो.

तिन्ही तक्ते निघतील एकाच यादीतून, त्याच क्रमांकांनी. सख्ख्या भावांनी वेगवेगळ्या वर्षी अर्ज केले तरी दोघांची वंशावळ जुळेल. शपथपत्रावर जाणाऱ्या कागदासाठी हे फार महत्त्वाचं आहे.

त्यामुळे पुढच्या वेळी ग्रुपवर ‘वंशावळ फायनल’ आली की आधी झूम करू नका. आधी विचारा, ‘याची यादी कुठाय?’ यादी असेल तर तक्ता शंभरदा बदलता येतो. आणि यादी नसेल तर घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या आजीशेजारी वही घेऊन बसा. तक्ता नंतरही काढता येईल, आजीला आठवणारी नावं मात्र आत्ताच लिहून घ्यायला हवीत.